राष्ट्रगीतात हलाचं नसते

स्टुडिओत ब्राझीलचं गाणं सुरू झालं आणि सगळ्या पोट्ट्या खांबासारख्या उभ्या. हात सरळ, मान ताठ. मी ट्रॅक थांबवून पुन्हा लावला. पुन्हा सावधान!

"काऊन वं, नाचत काऊन नाई?" वैशालीबाईंनी विचारलं. या आरमोरीकडच्या एका खेड्यातल्या शिक्षिका. पोट्ट्या त्यांच्याच शाळेच्या.

"बाई, राष्ट्रगीत सुरू हाय ना," सातवीतली पल्लवी ओठ न हलवता बोलली. "राष्ट्रगीतात हलाचं नसते."

माझा ब्रह्मपुरीत छोटा स्टुडिओ आहे. मी अरेंजर. म्हणजे चाल दुसऱ्याची, तिला वाद्यं आणि ठेका चढवणारा मी. नाटकं, लग्नं, निवडणुका, सगळ्यांचं संगीत केलंय. पण यंदाच्या नृत्यस्पर्धेचा विषय ऐकून मीही 'अरे बाप्पा!' म्हटलं होतं. जगाची राष्ट्रगीतं, नव्या संगीतात! आपल्या राष्ट्रगीताला हात लावायचा नव्हता, ते ठरलेल्या चालीतच म्हणायचं. म्हणून ब्राझील, फ्रान्स आणि दक्षिण आफ्रिका घेतले. खाली दणदणीत लूप टाकला, म्हणजे फिरून फिरून वाजणारा एकच ठेका. ट्रॅक असा जमला की मी खुर्चीतच नाचत होतो.

आतापर्यंत पोट्ट्या बाईंच्या टाळ्यांवर शिकल्या होत्या. ट्रॅक आज पहिल्यांदाच ऐकत होत्या आणि बाईंनी कौतुकानं सांगितलं होतं, कोणतं कोणत्या देशाचं ते. स्पर्धा उद्यावर. पहिला येईल तो संघ नागपूरला जाणार होता आणि यातल्या एकीनंही नागपूर पाहिलं नव्हतं.

"अवं, हे आपलं नाई, ब्राझीलचं हाय!" मी म्हणालो.

"मंग का झालं, सर? त्याह्यचं तं हाय ना!"

कप्पाळ माझं! मी आवाज वाढवला, टेम्पो, म्हणजे ठेक्याचा वेगही वाढवला. एकीचा पाय जरासा हलला, तर शेजारणीनं डोळे वटारले. बाई रडकुंडीला आल्या.

"भाऊ, माशी बसली तरी हलाचं नाई, हे मीच शिकवलं त्याह्यले. आता कोन्त्या तोंडानं सांगू?"

माझं डोकं फिरलं. "मंग आधी मान देऊन घ्या अन् मंग नाचा!" मी ओरडलो.

"तसं चालते, सर," पल्लवी म्हणाली.

आता घ्या! मी तिथंच कामाला लागलो. प्रत्येक देशाची पहिली ओळ नुसत्या बासरीवर, अगदी साधी. पोट्ट्या सावधान. ओळ संपली की पल्लवी ओरडणार, "विश्राम!" आणि मग माझा ठेका. पोट्ट्या अशा सुटल्या की स्टुडिओची फरशी दणाणली. बाई डोळे पुसत हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी बासरी वाजली आणि निवेदकानं देशाचं नाव सांगताच अख्खा हॉल उभा राहिला. परीक्षकसुद्धा! "विश्राम!" झालं, ठेका पडला, पण खाली कोणी बसेना. दक्षिण आफ्रिका येईपर्यंत मागच्या रांगेतल्या बायाही ठेका धरून डुलायला लागल्या. पुढच्या संघाचं जपान सुरू झालं. लोक पुन्हा उभे, विश्रामची वाट पाहत. कोणी म्हटलंच नाही. बिचारा संघ नाचला आणि हॉल शेवटपर्यंत ताठ!

पहिला नंबर आमचाच. पोट्ट्यांनी बाईंना अक्षरशः उचललं. "नागपूर! नागपूर!" म्हणून असा कल्ला केला की मीही त्यांच्यात ओरडायला लागलो.

आता कोणीही ट्रॅक करायला आलं की टेम्पो मी नंतर ठरवतो. आधी विचारतो, नाचणारे या गाण्याला काय मानतात.