ओनेझीमचा खोकला

ओनेझीम लारियू दिवसा भिंतींना गिलावा करायचा आणि संध्याकाळी बेस वाजवायचा. बेस म्हणजे ते माणसाहून उंच, चार जाड तारांचं धूड. उभ्यानं छातीशी धरायचं आणि बोटांनी तारा ओढायच्या. न्यू ऑर्लिन्सच्या त्रेमे वस्तीतल्या त्याच्या अरुंद घरात खोल्या एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारख्या, त्यामुळे बेस कुठंही ठेवला तरी वाटेतच यायचा. त्याची बायको युलाली रोज त्याला ठेचकाळायची आणि रोज म्हणायची, सवत आणली असतीस तर निदान तिनं भांडी तरी घासली असती.

खरं सांगायचं तर तिचा जीव जडला होता तो या सवतीपायीच. लग्नाआधी एकदा सरोवराकाठच्या नाचाला टेलेस्फोर कॉर्नेटवाला आपली छोटी पितळी तुतारी घेऊन पुढे उभा राहून गाल फुगवत होता आणि झाडून साऱ्या पोरी त्याच्याकडे टकामका बघत होत्या. युलालीचे पाय मात्र मागं भिंतीशी उभ्या असलेल्या लांबोड्या माणसाच्या तालावर हलत होते. नाच संपला तसा लोकांनी टेलेस्फोरला खांद्यावर घेतलं. ओनेझीम आपला घाम पुसत तारा सैल करत बसला. बेसवाल्याचं मेलं हे असंच असतं. त्यानं हात थांबवला तर सगळ्यांचे पाय चुकतील, पण वाहवा करायला त्याच्यापर्यंत कुणी पोचत नाही.

त्याला त्याचं काही नव्हतं. शनिवारी नाच, रविवारी सहली, मधल्या वारी घोडागाडीच्या मागच्या फळीवर उभं राहून नाचाची जाहिरात. गाडी खड्ड्यात आदळली की तो आणि बेस एकमेकांना मिठी मारायचे आणि पोरंटोरं खिदळायची. चुन्यानं त्याची छाती तेव्हाच भरत आली होती, पण लक्ष कोण देतो? गिलावा करणारे सगळेच खोकतात, असं तो म्हणायचा. युलालीही तेच म्हणायची, आणि त्याबद्दल पुढं तिनं स्वतःला कधी माफ केलं नाही.

नोएमी पोटात होती त्या वर्षी उत्तरेकडचे गाण्याच्या तबकड्या करणारे लोक शहरात आले. एका वखारीत त्यांनी पडदे बांधले आणि भिंतीतून भलामोठा पत्र्याचा कर्णा काढला. त्याच्या तोंडाशी वाजवायचं आणि भिंतीपलीकडं सुई मेणावर ते कोरत जायची. टेलेस्फोरच्या बँडला बोलावणं आलं तेव्हा ओनेझीमनं कोट काढून स्वतःच्या हातानं इस्त्री केली. असा हरखलेला तिनं त्याला लग्नातही पाहिला नव्हता.

"पोर मोठं होईल तेव्हा मी असेन नसेन," तो म्हणाला. "बाप काय वाजवायचा ते त्याला ऐकू तरी येईल."

"शुभ बोल की जरा," युलाली म्हणाली.

सोमवार होता. चुलीवरचा दर सोमवारचा राजमा शेजारणीच्या भरवशावर टाकून तीही पोट सावरत वखारीत गेली. पहिल्याच फटक्याला बेसच्या दणक्यानं सुई उडाली आणि मेण वाया गेलं. यंत्रवाल्यानं ओनेझीमला मागं सरकवलं. पुन्हा सुई उडाली. अजून मागं. असं करता करता त्याला दाराबाहेर बोळात, युलाली खोक्यावर बसली होती तिथं, आणून उभं केलं आणि दार जेमतेम फटीएवढं उघडं ठेवलं. आयुष्यभर टेलेस्फोरच्या खांद्याकडं बघून वाजवत आलेला माणूस तो. आता त्याच्यासमोर दाराची फळी. तरी गड्यानं डोळे मिटून असं वाजवलं की खोक्यावर बसल्या जागी युलालीचे तळपाय थरथरले. पोटातल्या पोरीनं लाथा मारल्या.

नियम असा, की शेवटचा सूर संपला तरी यंत्रवाला हात खाली करेपर्यंत कुणी श्वासही सोडायचा नाही. बोळातून तो हात दिसतो कशाला? गाणंभर ओनेझीमनं खोकला दाबून धरला होता. सूर संपला, सगळं शांत झालं, त्याला वाटलं आटोपलं. तो एकदाच कोरडा खोकला आणि मग सवयीप्रमाणे हलकेच घसा साफ केला. आत यंत्रवाल्यानं कपाळावर हात मारला. पण मेण संपत आलं होतं आणि टेलेस्फोर इतकं छान पुन्हा वाजवेलच असं नव्हतं. असू दे, म्हणाले.

तबकडी आली तेव्हा नोएमी मांडीवर होती. टेलेस्फोरच्या घरी सारी आळी जमली. कॉर्नेट वाजला, क्लॅरिनेट वाजलं, बँजोही वाजला. बेस कुठंच नाही. युलाली कर्ण्याशी कान नेऊन बसली, शेजारणी नजर चुकवायला लागल्या. आणि गाणं संपल्यावर, अगदी टोकाला, तो खोकला. घसा साफ करण्यासकट, स्वच्छ.

"घ्या, ही ओनेझीमची एकट्याची जागा," टेलेस्फोर म्हणाला. "आमच्यापैकी कुणी मधे आलं नाही बरं!"

सगळे पोट धरधरून हसले. ओनेझीमनंही उठून, टोपी काढून मुजरा केला. युलालीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी नोएमीला पाळण्यात ठेवताना ओनेझीम तेवढं म्हणाला, "पुढच्या वेळी."

पुढची वेळ आली, तेच तर वाईट. दोन वर्षांनी ते लोक विजेचं नवं यंत्र घेऊन परत आले. आता सुई उडत नाही, बेसवाल्याला पुढं आणा, असा निरोप त्यांनी धाडला. तो घेऊन टेलेस्फोर टोपी चुरगाळत दारात उभा राहिला. ओनेझीम तेव्हा तीन उशांना टेकून बसायचा आणि पेला उचलतानाही त्याला धाप लागायची. दुसरा कुणी बघ, असं त्यानं सांगितलं आणि तोंड भिंतीकडं केलं. ती भिंत त्यानंच गिलावा केलेली होती. युलालीला काय करावं ते सुचेना, ती उगीचच बेस पुसत बसली.

दरवर्षी सर्व संतांच्या, म्हणजे मेलेल्यांची आठवण करायच्या, सणाआधी तो लोकांच्या थडग्यांना चुना लावायचा. त्या वर्षी त्याच्याच थडग्याला दुसऱ्यानं लावला. बँड वाजवत पोचवायला गेला सारा गाव, टेलेस्फोर रडत रडत वाजवत होता. बेस चालता चालता वाजवता येत नाही, म्हणून तो घरीच राहिला.

नोएमीला बाप आठवत नव्हता. तिच्यासाठी बाप म्हणजे तबकडीचं टोक. "आई, बाबा लाव ना," ती म्हणायची, आणि युलाली गाणं सोडून सुई थेट शेवटी टेकवायची. खोकला यायचा, पोरगी टाळ्या पिटायची. इतक्या वेळा सुई तिथंच टेकली की तेवढीच जागा झिजली. नोएमी शाळेत शिकवायला लागली तोवर तिथं खरखरीखेरीज काही उरलं नव्हतं. गाणं मात्र अजून ठणठणीत. युलालीचा त्या गाण्यावर राग होता.

मग एके दिवशी न्यूयॉर्कहून हॅलोवे नावाचा तरुण गोरा आला. जुन्या तबकड्यांचं त्याला वेड होतं, आणि बोलायला फार लाघवी. कारखान्यात मूळचा साचा आहे, त्यावरून ताजी तबकडी काढून तुम्हाला आणून देतो, असं तो म्हणाला. युलालीचे डोळे जुन्या तबकडीकडं वळले. ताजी म्हणजे तिच्यातलं टोकही ताजंच की! त्यानं विचारलं, कोण कोण वाजवतंय यात? तिनं शेवटी ओनेझीमचं नाव सांगितलं. बेस काही ऐकू येत नाही हो, तो अदबीनं म्हणाला, पण तुम्ही म्हणता तर लिहितो. नोएमी त्याला खोकल्याचं सांगायला निघाली होती, तर युलालीनं तिला डोळ्यांनी दटावलं. परक्या माणसाला काय सांगायचं, मला नवऱ्याचा खोकला हवाय? वेड्यात काढेल.

पानगळीच्या दिवसांत तो तबकडी घेऊन परत आला. युलालीनं इस्त्रीचा झगा घातला होता. गाणं लागलं. वीस वर्षांत इतकं स्वच्छ कधी वाजलं नव्हतं. ती गाणं ऐकतच नव्हती, हात मांडीत घट्ट धरून टोकाची वाट बघत होती. शेवटचा सूर संपला, आणि खटकन सुई रिकामी फिरू लागली.

"शेवटी कुणीतरी खोकलं होतं," हॅलोवे आनंदानं म्हणाला. "तेवढं आम्ही कापून टाकलं. आता कसं अगदी निर्मळ झालंय."

नोएमी उठून खिडकीशी गेली. युलालीला ओरडावंसं वाटलं, बाबा रे, तेवढाच तर होता तो. पण त्या पोराचा चेहरा इतका खुललेला होता. आणि सांगायची वेळ होती तेव्हा आपणच तर तोंड शिवून बसलो.

"छान केलंत," ती म्हणाली, आणि तिनं त्याला अजून कॉफी ओतली.

तो गेल्यावर युलालीनं कप उचलले. मग नोएमीनं जुनी तबकडी काढली, मायेनं पुसली आणि सुई टोकाला टेकवली. दोघींनी कर्ण्याशी डोकी जवळ आणली. खर्र, खर्र, खर्र.

"आला, आई," नोएमी म्हणाली. "ऐकलास?"

युलालीला खरखरीशिवाय काहीच ऐकू आलं नव्हतं. लेकीलाही आलं नसणार, हे तिच्या आवाजावरून तिला कळलं.

"हो," ती म्हणाली. "आला की."