काळ्या बॉनेटवरचा डाग

गाड्या चमकवण्यात लख्खमामांचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता, आणि असता तरी मामांनी त्याला आधी हात धुवायला लावले असते. रंगावर सीलंटचा थर, तो वाळला की वर वॅक्स, मग मऊ फडक्यानं घासणं, आणि शेवटी बॉनेटवर वाकून स्वतःची मिशी तपासणं. मिशीचा केस न् केस दिसला, तरच गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंची काळी गाडी आली होती. मामा वाकले. मिशी झकास दिसली, पण तिच्या वर एक पांढरा डाग! त्यांनी फडकं मारलं. डाग जाईना. पुन्हा वॅक्स, पुन्हा फडकं. मामा जरा बाजूला सरकले, तर डागही सरकला!

"माझ्याशी पकडापकडी खेळतोस, मेल्या?" म्हणत मामांनी सीलंटपासून पुन्हा सुरुवात केली.

दुपारी बाई गाडी न्यायला आल्या, तेव्हा मामा घामाघूम होऊन बॉनेटला शिव्या घालत होते. बाईंनी गाडी पाहिली, मग मामांकडे पाहिलं.

"मामा, घाम पुसताना वॅक्सचा हात लागलाय तुमच्या कपाळाला. गाडी स्वच्छ आहे."

मामांनी कपाळ चाचपलं, बोटांकडे पाहिलं. पण चूक कबूल करतील तर ते मामा कसले! बाईंच्या हातात किल्ली ठेवून ते ऐटीत म्हणाले, "बघा! घरच्या आरशात तरी इतका लख्ख दिसला असता का हा डाग?"