कंपनीची सही

सिल्वासाच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायला धुळ्याचे एक गृहस्थ होते. पडद्यावरची प्रत्येक ओळ ते मोठ्यानं वाचत आणि मगच बटण दाबत.

आमचा प्रोग्राम उघडला की 'निर्माता अज्ञात' असा इशारा यायचा. पुण्याच्या गिऱ्हाईकानं तर घाबरून तो परतच पाठवला. तेव्हा साहेबांनी परदेशातून डिजिटल प्रमाणपत्र मागवलं, म्हणजे प्रोग्रामवर करायची कंपनीची सहीच.

फ्लॉपीवरून ते कॉम्प्युटरमध्ये घेताना आम्ही सगळे त्या गृहस्थांच्या खुर्चीमागे जमलो. पडद्यानं पासवर्ड मागितला. साहेब म्हणाले, "मी सांगतो. फ्लॉपीवरच लिहून ठेवा."

"नको साहेब. फ्लॉपी नि पासवर्ड दोन्ही ज्याच्या हाती लागतील तो आपल्या नावानं कशावरबी सही करेल. तुम्हीच टाका," असं म्हणून ते उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग आम्हीही वळलो. मागे साहेब एका बोटानं टकटक करत होते.

प्रमाणपत्र आत गेलं. सही करून प्रोग्राम उघडला, तर निर्माता म्हणून आमच्या कंपनीचं नाव! आम्ही टाळ्याच वाजवल्या.

साहेब त्यांना म्हणाले, "हा प्रोग्राम घेऊन पुण्याला तुम्हीच चला माझ्याबरोबर."

"आजच निघू?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ते चपला शोधू लागले.