काकूचा गाळा

सांगलीच्या मार्केट यार्डातला काकूचा गाळा आता विद्यापीठाच्या नावावर आहे. तिथून जाताना मी अजूनही मान फिरवते. राग येतो, दुसरं काही नाही.

त्या गाळ्यात काकांची हळदीची पेढी होती. मागच्या बाजूला पॉलिशचा ड्रम फिरायचा, त्यात हळकुंडं घासली जायची आणि पिवळा धुरळा छतापर्यंत चढायचा. काका खोकत खोकत गेले. डॉक्टरांनी विडीला दोष दिला; काकांनी जन्मात विडी ओढली नव्हती. ड्रमपाशी काम करणाऱ्या बायकाही खोकायच्या. काकूला मूलबाळ नव्हतं. तिनं ठरवलं, आपल्या मागं गाळा विद्यापीठाला द्यायचा, आणि हा धुरळा छातीत जाऊन काय करतो ते त्यांनी शोधायचं. भाऊबंदांनी तिला वेड्यात काढलं. देवळाला दे, निदान फरशीवर नाव तरी लागेल, म्हणाले. ती बधली नाही.

विद्यापीठातले प्राध्यापक घरी आले, तेव्हा मी कोरेगावहून मुद्दाम गेले होते. काकूनं त्यांना सगळं सांगितलं, खोकणाऱ्या बायकांची नावंसुद्धा. ते पोहे खात मान डोलवत होते. मग वकील मृत्युपत्रात धुरळ्याचं आणि खोकल्याचं लिहायला लागले, तशी काकूनं त्यांना थांबवलं.

“त्येवढं लिहू नका. जिनं जल्मभर खायाला घातलं, त्या लक्षुमीला कागदावर नावं ठिवायची न्हाईत. सायबांना तोंडानं सांगितलंय की मी.”

मी वाद घातला. पण आमच्या घरात हळदीच्या पोत्याला पाय लागला तरी नमस्कार करतात. तिची निंदा सहीनिशी कोण करणार? ‘हळदीवरील संशोधनासाठी’ एवढंच कागदावर राहिलं. आमच्या लक्षात आहे, काळजी करू नका, असं प्राध्यापक जाताना म्हणाले.

काकू गेली. काही महिन्यांनी गाळ्यातल्या संशोधन केंद्राच्या उद्घाटनाचं आमंत्रण आलं. केंद्राला काकूचं नाव, दारात तिचा हार घातलेला फोटो, आणि आत भिंतभर हळदीचे औषधी गुण. यंत्रं यार्डातल्या व्यापाऱ्यांनी दिली होती, ते पुढच्या रांगेत बसले होते. भाषणांत काकूच्या दूरदृष्टीचं कौतुक झालं, मग कपांतून हळदीचं दूध फिरलं. लोक तोंडाला पानं पुसतात, पण निदान गुपचूप पुसतात. इथं मांडव घालून पुसली.

मी प्राध्यापकांना गाठलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. कागदात तसं काहीच नाही, म्हणाले, आणि त्या विषयाला यार्डातून कुणी मदतही करणार नाही. यात एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणूनच माझा जास्त जळफळाट झाला.

बाहेर चपलांपाशी ड्रमवरची एक बाई उभी होती. जाण्याआधी काकूनं तिला सांगून ठेवलं होतं, गाळ्यात छाती तपासतील, पहिला नंबर तुझा. बाई ठेवणीतलं लुगडं नेसून, जुन्या एक्स-रेची पिशवी घेऊन आली होती. आत कधी बोलावतील, एवढंच तिनं मला विचारलं. मी तिला घरी जायला सांगितलं.

“आसू द्या ताई, थांबते,” ती खोकला दाबत म्हणाली. “आज खाडा करूनच आलीया.”