विमानातला रोल अन् केळझरचे इवाई

हसाचं असन तं चहाचा कप आधी खाली ठेवा भाऊ, नाई तं अंगावर सांडन अन् मले नावं ठेवान! आता काय सांगू तुमाले, पोरीचं लग्न जमावं म्हनून लोकं देव पान्यात ठेवतात. म्या होनाऱ्या इवायाले संडासात बसवून ठेवलं. इवाई म्हंजे पोरीचा सासरा, आमच्या वडनेरात असंच म्हनतात.

तं झालं असं. आमची माधुरी वर्धेले नोकरीवर हाय. तिथंच तिची केळझरच्या निलेशसंग ओळख झाली. पोरगा चांगला, घरची भाजीपाल्याची वाडी, नाव ठेवाले जागा नाई. रईवारी त्याचे मायबाप आमच्याकडं येनार होते. माधुरी मले आधीच म्हने, "बाबा, मले हाच पोरगा पाह्यजे. तुमी काई करू नका. फक्त त्या दिवशी गप बसजा."

आता मले गप बसा म्हननं म्हंजे कोंबड्याले आरवू नको म्हननं झालं!

अन् गप बसू तरी कसा? निलेशचे बाबा, वामनराव, मानूस भला, पण एक खोड होती. चार वाक्य झाले की पाचव्यात विमान. "आमी विमानानं दिल्लीले गेलतो ना, तवा..." फोनवर बोलताना बी तेच. वांग्याचा भाव इचारला तरी विमान! अन् म्या तवालोक एस्टीच्या वर कधी गेलो नोतो.

पण देव हाय भाऊ! त्याच आठोड्यात मी माह्या पोराकडून, बंगलोरहून, नागपूरले आलो, तेई विमानानं. पोरानं तिकीटासंग जेवन बी लावून देल्लं होतं. विमानातल्या बाईनं डबा हातात देल्ला. आत चकाचक कागदात गुंडाळलेला पनीरचा रोल, अन् पांढरं लोन्यासारखं कायतरी फासलेलं सँडविच. कागदावर विमानाचं चित्र! मी म्हनलं, बस. रईवारी वामनरावाची हवा काढतो.

डबा थैलीत टाकला. बाजूचा मानूस झोपला होता, त्याचा डबा तसाच पडून होता. उठल्यावर त्याले इचारलं, त्यानं हात हालवला, तोई आपला झाला.

बाई आली. "सर, आप खा नहीं रहे?"

मी म्हनलं, "मॅडम, घर पे मेहमान आने वाले है."

तिनं खिडकीतून बाहेर पाह्यलं. आभाळातून मेहमान कुठून येतात, हेच पाहत असन बिचारी.

घरी आल्या आल्या डबे फ्रिजात ठेवले. बायको, सुमन, म्हने, "फेका जी ते. मी पोहे करतो, मस्त तर्री टाकून."

"पोहे तं कोनी बी देते पाहुन्याले! हे विमानातलं हाय."

"खराब होईन."

"अवो, आभाळात किती थंड असते माईत हाय का तुले? ते वरून थंड होऊनच आलं हाय!"

तिनं कपायावर हात मारला. मे महिना होता, वर्धा जिल्ह्यातला मे. कावळे बी सावली सोडत नाई, अशी गर्मी. तेवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा.

रईवारी मंडळी आली. पोहे झाले, चहा झाला, माधुरी-निलेशचं लाजनं झालं. सारं सुतासारखं सरळ चाललं होतं. तेवढ्यात वामनराव म्हने, "आमी विमानात होतो ना, तवा..."

झालं! मी ताडकन उठलो अन् डबे घेऊनच आलो. माधुरी डोळे वटारून पाहून राह्यली, पण आता थांबते कोन?

"घ्या इवाई! विमानातला नाश्ता. तुमच्या ओळखीचा!"

वामनरावानं रोल उलटापालटा केला. "नाई जी, पोट भरलं."

"अर्धा तरी घ्या."

"पोहे लय झाले."

"म्हंजे आमच्या हातचं घ्याचंच नाई म्हना तुमाले?"

हे एक वाक्य बोललं की आमच्याकडं मानूस दगड बी खाते. वामनरावानं घास घेतला. तोंड जरासं वाकडं झालं, पण लगेच सरळ केलं.

"लागते का नाई विमानासारखं?" मी इचारलं.

"शंभर टक्के! तीच चव!"

मंग काय, दुसराबी घ्याले लावला. पोरीच्या गळ्याची शपथ घातली. संगतीले म्हनून म्या बी दोनी सँडविच हानले. मलेबी थोडं आंबूस लागलं, पण म्हनलं, मोठ्या लोकाचं जेवन असंच असन.

दुपार कलली. वामनराव बोलता बोलता उठले अन् मांगच्या अंगनात पळाले. घरात संडास एकच. थोड्या वेळानं माह्याबी पोटात मोटारपंप सुरू झाला! मी दारावर थाप मारली.

"इवाई, झालं का जी?"

"नाई."

"जरा लवकर करा ना!"

आतून आवाज आला, "तुमीच तं म्हनलं, आपलंच घर समजा!"

आता मी कुठं गेलो, कसा गेलो, हे इचारू नका. शेजाऱ्याचे उपकार हायेत माह्यावर, एवढं समजून घ्या.

संध्याकाळी निलेशनं आमाले दोघाले गाडीत टाकून हिंगनघाटच्या दवाखान्यात नेलं. मांगून दोघायच्या बायका अन् माधुरी बी आल्या. बाजूबाजूले दोन खाटा, दोन सलाईनी. वामनराव खवळले होते.

"निलेश, ही सोयरीक होत नाई! आज असं खाऊ घातलं, उद्या काय घालतीन?"

माधुरी दारात उभी होती. तिचं तोंड पाह्यलं अन् माह्या पोटातल्यापेक्षा काळजात जास्त कळ आली. म्या पोरीचं लग्न मोडलं होतं. पण तोंड गप बसन तं ते माहं कसलं?

"इवाई, यात आपला काय दोष? दोष विमानवाल्याचा! त्याले सोडतो का मी? आत्ता फोन लावतो!"

वामनराव जरासे उठून बसले. "लावा! स्पीकरवर टाका!"

बघा, दुश्मन एक असला की इवाई बी एक होतात! फोन लागला. मी आवाज चढवला. "मॅडम, तुम्हारा खाना खा के दो इज्जतदार आदमी दवाखाने में पड़े है!"

बाई गोड आवाजात म्हने, "बहुत अफ़सोस हुआ सर. फ्लाइट कब की थी?"

"गुरुवार की."

"और खाना कब खाया?"

"आज, इतवार को."

तिकडं बाई बोटावर दिवस मोजत असन. इकडं नर्स बी सुई हातात धरून थांबली.

"सर, वो तो उसी वक़्त खाना होता है."

"तो क्या हुआ? फ्रिज में रखा था ना बराबर!"

तेवढ्यात सुमन खुर्चीवरून म्हने, "कोनता फ्रिज जी? घरात पिन लावाले जागा एकच. शनवारी दुपारी झोपाले कूलर पाह्यजे म्हनून फ्रिजची पिन कोनं काढली? रईवारी सकाळी मीच लावली परत."

स्पीकर चालूच होता भाऊ. बाई म्हने, "सर, और कोई सहायता कर सकती हूँ?"

मी चादर तोंडावर घेतली. मंग चादरीतूनच इचारलं, "पण इवाई, तुमाले आंबट नाई लागलं? तुमी तं विमानात बसेल मानूस!"

वामनरावानं बी आपली चादर वर वढली. त्यायच्या बायकोले मात्र राहवलं नाई. "हे कधी बसले विमानात? भावाले सोडाले नागपूरच्या विमानतळाच्या फाटकालोक गेलते!"

"मले वाटलं," वामनराव बारीक आवाजात म्हने, "विमानात असंच आंबट देत असतीन."

आधी नर्स हासली. मंग निलेश, मंग माधुरी. मंग आमी दोघं बी, पोट धरून. पोट तं तसंई धरलंच होतं. सलाईन संपेपर्यंत सोयरीक पक्की झाली. वामनरावानं अट एकच घातली, लग्नाच्या जेवनाले मी हात लावाचा नाई.

पण पंगतीत आग्रह करनं हा पोरीच्या बापाचा मान असते. मले राहवते का? म्या बुंदीचं ताट उचललं अन् निंगालो. पाहतो तं साऱ्या रांगेनं पत्रावळीवर दोनी हात आडवे धरले! केळझरच्यायनं बी, अन् माह्या सख्ख्या भावानं बी. वामनराव उठले, ताट काढून घेतलं अन् हातात पान्याचा जग देल्ला.

म्हनलं चला, पानी तं पानी. पह्यला गिलास त्यायलेच भरून देल्ला. त्यायनं तो नाकाजोळ नेला, हुंगला, अन् पंगतीपलीकडं उभ्या असलेल्या सुमनले मोठ्यानं इचारलं, "इहीनबाई, फ्रिजची पिन लागून हाय ना जी?"