महाप्याच्या गाळ्यातली गुरं

मी बी.एस्सी. झाले तेव्हा आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील साताऱ्याकडचे, तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी. महाप्याला नोकरी लागल्याचं सांगितलं तर त्यांनी विचारलं, "काम काय हाय?"

"जंतू वाढवायचे."

"कमी करायचे असतील. नीट वाचलंस का?"

नीटच वाचलं होतं. आमच्या मॅडम एका मोठ्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होत्या. तिथली पक्की नोकरी सोडून त्यांनी महाप्याच्या एमआयडीसीत तळमजल्याचा एक गाळा भाड्याने घेतला होता. कापड विणताना सुताला स्टार्चची खळ लावतात. रंगवण्याआधी ती काढावी लागते. ती काढणारं एन्झाइम जंतूंकडून तयार करून घ्यायचं, हा मॅडमचा धंदा. वडिलांना हे सगळं समजावलं, जंतू खातात, श्वास घेतात, ऊब लागते, वगैरे. ते म्हणाले, "म्हंजे गोठा हाय." मला तेव्हा जरा वाईट वाटलं. इतकं शिकून गोठा?

नव्या उद्योजकांचं देशात स्वागत आहे, असं त्या वर्षांत पेपरात रोज येत असे. बँकेतही मॅडमचं छान स्वागत झालं. साहेबांनी चहा मागवला आणि म्हणाले, "महिलांसाठी आपल्याकडे पापडाची चांगली योजना आहे." मॅडमनी एन्झाइम समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मिस्टर कधी येऊ शकतील?"

मिस्टर सगळ्यांनाच हवे असत. कॉम्प्रेसर दुरुस्त करणारा असो की कुरियरवाला, दारातून आत डोकावून पहिला प्रश्न एकच, "साहेब आहेत का?" सुरुवातीला मी "मॅडमच साहेब आहेत" असं सांगत असे. पण ते ऐकून माणसं हसून बाहेर वाट पाहत थांबत, म्हणून पुढे मी नुसतं "बसा" म्हणू लागले.

शेवटी भिवंडीची एक कापड रंगवणारी कंपनी माल बघायला तयार झाली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांची माणसं येणार होती. "हा माल पास झाला नाही तर गाळा सोडायचा," मॅडम म्हणाल्या. इतक्या सहज म्हणाल्या की मी "हो" म्हणून गेले, आणि मग मला वडील आठवले. माझ्यासाठी मार्केटच्या एका गाळ्यावर पावत्या फाडायची जागा वडिलांनी बघूनच ठेवली होती.

जंतूंची टाकी दसऱ्यालाही चालू ठेवणं भाग होतं. जंतूंच्या घरी कालनिर्णय नसतं. टाकीतला पंखा फिरत राहिला पाहिजे आणि कॉम्प्रेसरची हवा आत जात राहिली पाहिजे, नाहीतर सगळे गुदमरून मेले. जनरेटर पहिली ऑर्डर मिळाल्यावर घ्यायचा होता.

सकाळी गाळामालक काका आले. ते इथल्याच गावचे. त्यांची भातशेती एमआयडीसीत गेली आणि त्या बदल्यात त्यांनी ही इमारत उभी केली होती. माणूस प्रेमळ. त्यांनी टाकीला झेंडूची माळ घातली, कॉम्प्रेसरला हळदकुंकू लावलं, दारात नारळ फोडला. टाकी सीलबंद होती, त्यामुळे मॅडमही हसून हात जोडत होत्या. काका खूश होऊन बाहेर गेले आणि जरा वेळाने पंखा थांबला.

आम्ही बाहेर धावलो. काकांनी अख्ख्या इमारतीचा मेन स्विच पाडला होता, मीटरच्या खोलीला कुलूप लावलं होतं आणि खुर्ची टाकून निवांत बसले होते.

"दसरा हाय, म्याडम. आज हत्यारानं काम करायचं नसतं. मशीन पन थकतंय."

मॅडम समजावू लागल्या. ऑक्सिजन, कल्चर, टाकीतला दाब. काकांनी बँकेच्या साहेबांइतकंच शांतपणे ऐकलं. "असं करा," ते म्हणाले, "साहेबांना फोन लावा. मी त्यांच्याशी बोलतो."

मॅडम पुन्हा पहिल्यापासून समजावू लागल्या. आत कॉम्प्रेसरमध्ये साठलेली हवा होती तोवर ठीक. दाराच्या फटीतून मला दाबाचा काटा खाली येताना दिसत होता.

मला मोठ्या माणसांसमोर बोलायची सवय नाही. तरी म्हटलं, "काका, आत मशीन नाही. गुरं आहेत."

"कंची गुरं?"

"बारीक. डोळ्यांना दिसत नाहीत. पण खातात, श्वास घेतात. तुम्ही त्यांना कोंडलंय."

मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू आता त्या माझी डिग्री परत मागणार. पण माघार घ्यायला उशीर झाला होता. "दिवाळीच्या पाडव्याला तुमच्याकडे बैल जुंपत नाहीत ना?"

"नाय."

"मग त्या दिवशी त्यांना वैरण?"

"आरं, वैरन तं देतावच! पूजा करून उपाशी कोन ठेवतं?" आणि बोलता बोलता काकांचा चेहरा बदलला. ते उठले, खिसे चाचपले, "आधी बोलायचंत ना, बाय!" म्हणत कुलपाकडे धावले.

पंखा फिरू लागला. दुपारी मॅडमनी टाकीतले थेंब काढून काचेच्या नळीत घातले. स्टार्चच्या पाण्यात आयोडीन टाकलं की ते निळंशार होतं, आणि आपलं एन्झाइम त्यात चालत असेल तर तो निळा रंग जातो. मॅडम, मी आणि काका, तिघं त्या नळीकडे बघत बसलो. रंग हळूहळू उतरला. पाणी स्वच्छ झालं. मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घालायला बराच वेळ घेतला. काकांनी घरून आणलेली पुरणपोळी पुढे केली. "त्यांना पन थोरी घाला."

"त्यांना पथ्य आहे," मॅडम गंभीरपणे म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भिवंडीहून दोघं जण आले. काका दारातच खुर्ची टाकून बसले होते. एकाने आत डोकावून विचारलं, "साहेब आहेत का?"

मी "बसा" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकाच म्हणाले, "हायत ना. त्या काय, चष्मा लावलेल्या. चपला भायेर काढा, आत गुरं हायत."