एका चार्जिंगमध्ये किती पळते?

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. तुम्हाला का सांगतोय, कोण जाणे. पण आता पोटात राहत नाही.

दिंद्रुडात पहिली इलेक्ट्रिक कार माझी. हार्डवेअरचं दुकान बरं चालायचं, हौस दांडगी. जो तो विचारायचा, एका चार्जिंगमध्ये किती पळते? मी कंपनीचा आकडा छाती फुगवून ठोकून द्यायचो. खरं काय होतं? उन्हाळ्यात एसी लावला की निम्म्यातच बॅटरी उतरायची. बीडहून येताना मी एसी बंद ठेवून घामानं निथळत यायचो — आणि गाव आलं की काचा वर, एसी चालू. हसा, हसा.

मन्मथ माझा लहानपणापासूनचा दोस्त. माजलगावच्या रस्त्यावर जीप चालवायचा. काय दिवस होते ते! मागच्या पायरीवर लोंबकळत आम्ही बाजाराला जायचो, टेप फुल्ल आवाजात, तोंडात धूळ. त्याच जीपवर त्यानं मला मोकळ्या रानात गाडी शिकवली. क्लच झटक्यात सुटला की टपली मारायचा — "हळू सोड बे, म्हैस हाय का ती?" अजून आठवलं की लई बरं वाटतं.

ती जीप त्यानं विकली. माझ्या शब्दावर. धंद्यासाठी जुनी इलेक्ट्रिक कार घेतली. घेण्याआधी एकच विचारलं होतं त्यानं — बॅटरी टिकते का? मी म्हणालो, टिकते की, माझी बघ ना. का म्हणालो असेन?

रोज दुसऱ्या फेरीलाच बॅटरी उतरून गाडी वाटेत बसायला लागली. प्रवासी उतरून, शिव्या घालत चालत जायचे. नवी बॅटरी घालायची तर जीपचे आले होते तेवढे पैसे पुन्हा ओतूनही पुरणार नव्हते.

एकदा टपरीवर, चारचौघांत, त्यानं मला विचारलं, "तुझी पळती, मग माझीच का म्हनून बसती?"

तेव्हा बोलायला हवं होतं. खरं एवढंसंच होतं हो! पण सगळे माझ्याकडं बघत होते, आणि मी हसून म्हणालो, "तुला चालवताच येत न्हाई बे."

लोक खदखदून हसले. तोही हसला. आणि त्याला ते पटलं.

गाडी त्यानं मिळेल त्या भावात काढून टाकली. आता एसटीनं फिरतो. कुणी स्टेअरिंग पुढं केलं तर म्हणतो, आपल्याला न्हाई जमत.

परवा बीडला जाताना माझ्या गाडीत शेजारी बसला होता. बराच वेळ माझ्या ॲक्सिलरेटरवरच्या पायाकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "कसा दाबायचा, दाव की."

मी दाखवलं.